कोल्हा, खोकड आणि कोस

सोलापूरच्या एका ताई विचारतात: मुलीला घेऊन नान्नजच्या माळावर गेलो होतो. सोबतच्या वाटाड्याने बिळाच्या तोंडाशी बसलेलं जनावर दाखवून ‘खोकड’ म्हटलं. मुलगी म्हणाली, तो फॉक्स आहे आणि फॉक्स म्हणजे कोल्हा, टीचरनी शिकवलंय. खरं कुणाचं?

वाटाड्याचं. फॉक्स म्हणजे खोकड, जॅकल म्हणजे कोल्हा. हे सांगून सांगून माझी जीभ झिजली. घोळ गोष्टींनी घातला. इसापचा फॉक्स मराठीत आला तेव्हा लबाडीची गादी इथे आधीच भरलेली होती. पंचतंत्रातले करटक-दमनक हे कोल्हेच. म्हणून फॉक्सचा कोल्हा केला. त्यात भाषांतरकाराचं काही चुकलं नाही. चुकतात ते त्या गोष्टीवरून प्राणिशास्त्र शिकवणारे. ‘कोल्हा काकडीला राजी’ ही म्हण घडवणाऱ्या शेतकऱ्याला काकडीच्या वाफ्यात कोण शिरतं ते चांगलं ठाऊक होतं. (द्राक्षं आंबट म्हणणारा कोल्हा नान्नजला आला असता तर पंचाईत होती. ‘सोनाका’ द्राक्ष तिथलंच: सोलापूरचा सो, नान्नजचा ना, ते वाण काढणाऱ्या काळे यांचा का.)

पण खरी मजा ‘कोल्हा’ या शब्दात आहे. आमच्याकडे एक पंथ आहे, सोलापुरात ऐकू आलेला प्रत्येक शब्द कानडीच्या पदरात टाकणारा. एका व्याख्यानात एका विद्वानांनी कोल्ह्यालाही कानडी ठरवलं. अहो, कानडीत त्याला ‘नरी’ म्हणतात आणि सोलापूरच्या पूर्वभागातल्या तेलुगू घरांत ‘नक्का’! यातून कोल्हा कुठून काढणार? अमरकोश उघडला असता तर शृगाल, वञ्चक यांच्या शेजारीच ‘क्रोष्टु’ बसलेला दिसला असता. धातू क्रुश्, म्हणजे ओरडणं. पालीत त्याचा कोत्थु झाला, प्राकृतात कोल्हुअ, आणि आपल्याकडे कोल्हा. म्हणजे ओरड्या. ‘आक्रोश’ त्याच घरातला. आणि ‘कोस’सुद्धा! क्रोश म्हणजे हाक, मग हाक पोचेल तेवढं अंतर, तोच कोस. कोल्हा आणि कोस सख्खे भाऊ आहेत हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

माझा आपला एक तर्क आहे, तो कुणी मानत नाही. पहिला कोस मोजला तो माणसाच्या हाकेने नव्हे, कोल्हेकुईने. दिवेलागणीला माळावर उभे राहा. एक कोल्हा सूर लावतो, दुसरा लांबून उचलतो, तिसरा त्याहून लांबून. अंतर कानाने मोजता येतं. व्याकरणवाले म्हणतात, याला पुरावा नाही. नसू दे.

‘एका शब्दाने काय बिघडतं’ असं म्हणणाऱ्यांसाठी थोडं. नान्नजच्याच माळावर वन्यजीव अभ्यासक अबी वनक यांनी खोकडांना रेडिओ कॉलर लावून अभ्यास केला. गावकुत्रं जवळपास असलं की खोकड समोरचं खाणंही आखडतं घेतं, हे त्यांच्या प्रयोगातून पुढे आलं. शिवाय कुत्र्यांकडून येणारी डिस्टेंपरसारखी दुखणी आहेतच. आता असल्या कामासाठी एखादा पाहणीवाला गावात येऊन ‘फॉक्स’ मनात धरून ‘कोल्हा दिसतो का?’ असं विचारत फिरला, तर लोक प्रामाणिकपणे ‘हो, रोज’ म्हणतील, आणि त्याच्या वहीत जॅकल फॉक्सच्या रकान्यात जाऊन बसेल. कोल्हा आठ-दहा किलोचा, उसात-ओढ्यातही निभावणारा. खोकड दोन-चार किलोचं, त्याला उघडा माळच लागतो. माळ नांगरला की त्याचं बीळ गेलं.

हां, मुलीचं राहिलंच. तिला विचारा, शेपूट केवढी होती? अंगाच्या निम्म्याहून लांब, झुपकेदार, टोकाला काळी, असं म्हणाली तर ते खोकडच. टीचरना मात्र तिनेच सांगावं, आपण मध्ये पडू नये.