पंधराव्या लेखानंतर काय?

प्रश्न: मी कोल्हापूरची, वय 33. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत अकाउंट्सला आहे. बेसिक 15,000, हातात 28,000 येतात. नोकरीला चार वर्षं सात महिने झाले. अडीच वर्षांपासून एका ऑनलाइन साइटसाठी मराठीत लेख लिहिते. लेखाला 700 रुपये आणि व्ह्यूजप्रमाणे बोनस. एका लेखाला चार तास जातात, महिन्याला बारा लेख होतात. साइट पंधराच्या वर घेत नाही. गेल्या सहा महिन्यांची बिलं: 14,200, 19,800, 9,600, 31,400, 12,100, 16,900. यातून दहा टक्के टीडीएस कापला जातो. 31,400 ऋषीच्या भाजीवरच्या लेखामुळे झाले. घरखर्च 22,000, शिल्लक दीड लाख. आईला शुगर आहे, तिचा विमा कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आहे. पूर्ण वेळ लिहिलं तर उत्पन्न दुप्पट होईल असं वाटतं. नोकरी सोडू का?

उत्तर: ताई, आत्ता नको. लिहिणं मात्र बंद करू नका.

तुम्हाला मोह का पडतोय ते कळतं. नोकरीत महिन्याचे 26 दिवस रोज नऊ तास धरले तर तासाला 120 रुपये पडतात. लेखनाचे 300 च्या आसपास. कुणालाही वाटेल की फाउंड्रीतले तास लेखनाला दिले की झालं! पण ते तास विकत घेणार कोण? साइट तर पंधरा लेखांवर थांबते. आज बारा लिहिताय, म्हणजे नोकरी सोडून तुम्हाला जागा मिळते तीन लेखांची. तीन गुणिले सातशे, 2,100 रुपये.

आता बोनस. ऋषिपंचमी वर्षातून एकदाच येते, म्हणून तो महिना बाजूला ठेवला. उरलेल्या पाच महिन्यांची सरासरी 14,520, त्यात बोनस लेखामागे 510 रुपये. याच हिशेबाने पंधरा लेखांचे 18,150 होतात आणि घराला 22,000 लागतात. 9,600 च्या महिन्यासारखा बोनस मिळाला तर पंधरा लेख लिहूनही 12,000 च. दुप्पट व्हायचं सोडाच, किराणा भरतानाच शिलकीला हात लागेल.

माझाही अनुभव सांगतो. पंधराएक वर्षांपूर्वी मी एका परदेशी साइटवर पैशांविषयी इंग्रजीत लिहायचो. पैसे व्ह्यूमागे, आणि 25 डॉलर जमल्याशिवाय खात्यात काही येत नसे. रात्री जेवण झालं की स्क्रीनवरचा आकडा बघायचा छंदच लागला होता. 22.40. दोन दिवसांनी 22.90. बायको म्हणायची, यापेक्षा शिकवण्या घेतल्या असत्या तर! 23 डॉलरवर असताना साइटचं दुकान बंद झालं. पैसे गेले ते गेले, वर लेखही गेले, कारण कॉपी ठेवलीच नव्हती. सल्लागार असूनही कराराची पानं वाचली नव्हती, हे कबूल करायला अजून लाज वाटते.

मोठ्यांचंही वेगळं झालं नाही. हौशी लेखकांचे लेख गोळा करणारी असोसिएटेड कंटेंट ही कंपनी याहूने 2010 मध्ये विकत घेतली. फेब्रुवारी 2011 मध्ये गूगलने ‘पांडा’ नावाचा बदल केला, अमेरिकेतल्या जवळपास 12 टक्के शोधांच्या निकालांवर त्याचा परिणाम झाला आणि अशा साइट्सचे वाचक आटले. पुढे याहू व्हॉइसेस या नावाने चाललेलं ते दुकान 2014 मध्ये बंदच केलं. लेखक तेच होते, लेखही तेच. आता तर शोधाच्या पानावरच एआयने लिहिलेलं उत्तर वर दिसतं, लेखावर क्लिक करायचं कारणच उरत नाही. तुमचा बोनस त्या क्लिकवर आहे.

म्हणून पाच महिने थांबा. पाच महिनेच का? ग्रॅच्युइटीसाठी, म्हणजे पाच वर्षं पुरी केलेल्याला नोकरी सोडताना कंपनी देते ती रक्कम. पाच वर्षं पुरी झाली की 15,000 भागिले 26, गुणिले 15, गुणिले 5, म्हणजे 43,269 रुपये तुमच्या हक्काचे. आज राजीनामा दिलात तर त्यावर पाणी सोडाल. शिवाय कंपनी पीएफपोटी दरमहा 1,800 भरते, तेही पगाराच्या आकड्यात दिसत नाहीत. पुढेमागे नोकरी सोडलीत तरी पीएफ मोडून खाऊ नका.

मला सगळ्यात जास्त काळजी आईच्या विम्याची वाटते. राजीनाम्याबरोबर ग्रुपचं कवच जातं, आणि नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. ग्रुपच्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, म्हणजे आधीची वर्षं धरली जातील, हे एचआरला आजच विचारा. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, तेवढाच दिलासा. नवी पॉलिसी हातात पडेपर्यंत राजीनाम्याचा कागद टाइपसुद्धा करू नका.

टीडीएसचं बघा. सहा महिन्यांत 10,400 कापले गेले. पगार आणि लेखन मिळून वर्षाचे साडेपाच लाखांच्या घरात जातात. नव्या करप्रणालीत यावर कर शून्य, म्हणजे कापलेले सगळे परत मिळतात. मात्र रिटर्न भरावं लागतं, आणि लेखनाचं उत्पन्न असल्याने आयटीआर-1 हा पगारदारांचा साधा फॉर्म चालत नाही. 26एएस, म्हणजे कापलेल्या कराची आयकर खात्याकडची नोंद, उघडून कापलेली रक्कम तुमच्या पॅनवर चढली आहे का ते आधी तपासा. अकाउंट्सवालीला हे मी सांगायचं म्हणजे जरा अतिच, पण आपल्याच घरचा हिशेब राहून जातो.

साइटबरोबरचा करारही काढून वाचा. लेखाचे हक्क लेखी, सही करून दिले असतील तरच जातात, आणि मुदत लिहिली नसेल तर कॉपीराइट कायद्याप्रमाणे ती पाच वर्षंच धरतात. ‘कायमचे’ असं लिहिलं असेल तर पुढच्या लेखांसाठी तो शब्द काढून मागा. नाही म्हणतील कदाचित, पण विचारायला पैसे पडत नाहीत. लेखांच्या कॉपी मात्र आज रात्रीच स्वतःकडे उतरवून घ्या.

या पाच महिन्यांत दुसरा देणारा शोधा: एखाद्या दुकानाचं, दवाखान्याचं किंवा बँकेचं मराठी लेखन, ठरलेल्या दराने, व्ह्यूजवर नाही. दोन्हीकडचे मिळून सलग सहा महिने 30,000 च्या वर गेले की बिलांसकट पुन्हा लिहा. तेव्हा राजीनाम्याची तारीख मीच काढून देईन.