घरी जपानी ओमुराइस करताना अंडं दर वेळी फाटतं, भाताचाही गचका होतो. नेमकं काय चुकतंय?

ओमुराइस, म्हणजे केचपमध्ये परतलेला भात आणि ऑम्लेट, तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा अंडं फाटलं, भात गिच्च झाला आणि वरून सुरी फिरवल्यावर जे उलगडायला हवं होतं ते काही उलगडलं नाही, असं तुम्ही लिहिलंय. शिवाय आपल्याकडच्या तांदळाचं होईल का आणि चिकनशिवाय चालेल का, हेही विचारलंय.

उलगडण्याचं आधी सांगते, कारण बऱ्याच जणांची गाडी तिथेच अडते. तुम्ही पाहिलेला व्हिडिओ बहुधा क्योतोच्या ‘किचि किचि’ या छोट्या रेस्टॉरंटचा, मोतोकिची युकिमुरा यांचा असणार. ते पॅनमधलं ऑम्लेट भाताच्या ढिगावर अलगद उतरवतात, सुरीने उभी चीर देतात आणि आतलं अर्धंकच्चं अंडं दोन्ही बाजूंनी भातावर पसरतं. दिसायला फार सुंदर. पण त्यात भात अंड्याच्या आत नसतोच, तो खाली असतो. तुम्ही भात आत भरून वरून कापलंत तर आतून भातच निघणार, दुसरं काय निघणार?

म्हणजे हे दोन वेगळे प्रकार आहेत. कापून उलगडायचा प्रकार त्या मानाने अलीकडचा. तोक्योतल्या निहोनबाशी भागात ‘ताइमेइकेन’ नावाचं 1931 सालचं रेस्टॉरंट आहे. दिग्दर्शक जूझो इतामी यांच्या ‘ताम्पोपो’ या 1985 च्या चित्रपटात एक बेघर माणूस रात्री रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरात शिरून एका लहान मुलाला असं कापून उलगडणारं ओमुराइस करून देतो. चित्रपटासाठी ते घडवण्यात ताइमेइकेनचा हात होता, आणि तिथल्या मेन्यूत ते आजही इतामींच्या नावाने मिळतं. भात गुंडाळायचा प्रकार त्याच्या कितीतरी आधीचा. ओसाकाच्या ‘होक्क्योकुसेइ’चं म्हणणं असं, की 1925 मध्ये त्यांच्याकडे पोटाची तक्रार असलेले एक गिऱ्हाईक यायचे आणि दर वेळी ऑम्लेट आणि पांढरा भात एवढंच मागायचे. रोज तेच तेच काय द्यायचं म्हणून मालकांनी केचपमध्ये परतलेला भात पातळ अंड्यात गुंडाळून पुढे ठेवला. तोक्योतल्या गिन्झाच्या ‘रेंगातेइ’चाही पहिल्या ओमुराइसचा मान आपलाच असा दावा आहे आणि तो त्याहून जुना आहे, पण तिथे भात आणि अंडं एकत्र कालवून शिजवतात. त्यामुळे तुमच्या प्रश्नातल्या ‘भात भरलेल्या’ ऑम्लेटचं माहेर मी ओसाकाच धरते. मी ओसाकात अडीच वर्षं राहिले, तेव्हा थोडा पक्षपात असेलही.

माझा सल्ला असा, की घरी आधी गुंडाळायचंच शिका. एक तर ते जमण्यासारखं आहे. दुसरं म्हणजे त्यात अंडं जवळजवळ पूर्ण शिजतं. जपानमध्ये अंडी कच्ची खाल्ली जाणार हे गृहीत धरूनच त्यांची धुलाई आणि तपासणी होते, खोक्यावरची तारीखसुद्धा कच्चं खाण्याच्या हिशोबाने छापलेली असते. आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानात उन्हात ठेवलेल्या ट्रेमधलं अंडं अर्धंकच्चं खायला मी तरी धजत नाही.

आता तांदूळ. बासमती नको. त्याची शितं सुटी राहतात आणि अंडं गुंडाळताना आतून सगळं इकडेतिकडे पळतं. जपानी तांदूळ आखूड आणि चिकट असतो. आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारा म्हणजे इंद्रायणी. आंबेमोहोराच्या कुळातला, वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून आलेला. वास वेगळा आहे हे खरं, पण केचप आणि लोण्यापुढे तो वास फारसा उरत नाही. आंबेमोहोरही चालेल. तुमचा गचका झाला तो बहुतेक पाण्यामुळे. इंद्रायणीला वाटीला दोन वाट्या पाणी घालत असाल तर इथे दीडच घाला, तांदूळ नवा असेल तर त्याहूनही कमी. शिजल्यावर कुकरमध्ये तसाच ठेवू नका. परातीत पसरून दहा मिनिटं वाफ जाऊ द्या. फ्रीजमधला कालचा भातही चालतो, फक्त आधी गरम करून गुठळ्या मोडून घ्या. थंड ढेकळं पॅनमध्ये मोडायला गेलं की शितं चेचली जातात.

एका माणसाला 150 ग्रॅम शिजलेला भात पुष्कळ झाला. हा आकडा वाचून तुम्हाला कमी वाटेल. मलाही वाटायचा. पण करंजीत सारण जास्त भरलं की ती तळताना फुटते, तसंच हे आहे. पहिल्या वेळी मी ताटभर भात घेतला होता आणि त्यावर दोन अंड्यांची पोळी ताणून ताणून बसवली. ती मधोमध फाटली. वरून केचप ओतून मी फाटकं झाकलं, तर आई म्हणाली, “फोडणीच्या भाताला दुलई पांघरलीस होय गं?” तिचं चुकलं नव्हतं.

भात परतायचा तो असा. दहा ग्रॅम लोण्यावर पाव कांदा अगदी बारीक चिरून परता, मग चिकनच्या मांडीचं 50-60 ग्रॅम मांस, तेही करंगळीच्या पेरापेक्षा लहान तुकडे करून. मोठा तुकडा ठेवलात तर गुंडाळताना तोच अंड्याला भोक पाडतो. मीठ, मिरपूड. चिकन शिजलं की ते पॅनच्या कडेला सारा आणि मोकळ्या जागी दोन मोठे चमचे केचप ओता. भात आत्ता घालायचा नाही. केचपला बुडबुडे येऊ द्या, त्याचा आंबट वास जाऊन रंग थोडा गडद होऊ द्या. साधारण मिनिटभर लागतं. केचपमधलं पाणी इथेच उडतं, आणि ते उडालं नाही तर ते भात पितो आणि गचका होतो. तुमच्या दुखण्यातलं निम्मं इथे आहे असं मला वाटतं. मग भात घाला आणि उलथन्याने कापल्यासारखं करत मिसळा, दाबू नका. आपल्याकडचं केचप मला जरा जास्तच गोड लागतं, म्हणून मी दीड चमचा केचप आणि अर्धा चमचा टोमॅटो प्युरी घेते. शेवटी सोया सॉसचे चार थेंब पॅनच्या तापलेल्या कडेवर टाका. भात तयार झाला की वाटीत काढून ठेवा आणि पॅन स्वच्छ पुसून घ्या. चिकटलेलं एखादं शितही अंडं फाडायला पुरतं.

आता अंडं.

माणशी दोन अंडी, पॅन 22 सेंटिमीटरचं, नॉनस्टिक आणि न खरवडलेलं. लोखंडी तव्यावर व्यावसायिक लोक करतात, आपण करू नये. अंडी भांड्यात फोडून काटा किंवा चॉपस्टिक तळाला टेकवून आडवी आडवी हलवत मिसळा. बीटरने फेटून फेस काढू नका. फेसाचे बुडबुडे पॅनवर फुटतात आणि तिथे भोकं राहतात. चिमूटभर मीठ. मग ही युक्ती: एक लहान चमचा कॉर्नफ्लोर दोन लहान चमचे पाण्यात कालवून अंड्यात घाला. जपानी घरांत यासाठी बटाट्याचं स्टार्च वापरतात, त्याला ‘काताकुरिको’ म्हणतात. स्टार्चमुळे पोळीला थोडी लवचीकता येते आणि दुमडताना ती तडकत नाही. हौस असेल तर सगळं चहाच्या गाळणीतून गाळून घ्या. पांढऱ्याचे जे दोरे असतात ते निघून जातात आणि पोळी एकसारखी पिवळी होते.

पॅन मध्यम आचेवर तापवा आणि लोणी टाका. लोणी फेसाळून शांत व्हायला लागलं की अंडं एकदम ओता. टाकल्याबरोबर चर्रर असा आवाज हवा. नुसतं पसरून बसलं तर पॅन थंड आहे, आणि लोणी तांबूस झालं असेल तर फार तापलंय. ओतल्यावर पहिले दहा सेकंद चॉपस्टिकने मधला भाग भराभर ढवळा, कडा मध्ये ओढा, पॅन तिरकं करून रिकाम्या जागा भरा. मग हात थांबवा. तळ धरलाय आणि वर अजून ओलसर चकाकी आहे, त्या घडीला आच अगदी मंद करा. इथे लोक वाट बघत बसतात, वरचाही भाग कोरडा होऊ देतात. कोरडी पोळी दुमडली की धिरड्यासारखी मोडते. वरची ओल राहिली तरच ती भाताला चिकटते, आणि भाताच्या उष्णतेने ती पुढे शिजतेच. (लहान मुलं, गरोदर बाई किंवा आजारी माणूस खाणार असेल तर झाकण ठेवून अर्धा मिनिट जास्त शिजवा. थोडं कडक होईल, होऊ दे.)

भात मधोमध नको. पॅनच्या दांड्याच्या विरुद्ध बाजूला सरकवून, आडवा, लांबट ढीग करून ठेवा. दांड्याकडची कड उलथन्याने उचलून भातावर टाका.

याच्या पुढचं मी पाहून शिकले. ओसाकात ऑफिसखाली एक किस्सातेन होतं. म्हणजे जुन्या पद्धतीचं कॉफीचं दुकान, काउंटरला सात-आठ खुर्च्या. तिथले आजोबा डाव्या हाताने पॅन तिरकं धरायचे आणि उजव्या हाताची मूठ करून दांड्याच्या मुळाशी हलके ठोके द्यायचे. तोन, तोन, तोन. प्रत्येक ठोक्याला ऑम्लेट थोडं थोडं पुढे सरकून स्वतःवरच वळायचं. उलथनं नाही, बोटं नाहीत. सहा-सात ठोक्यांत ते पॅनच्या कडेला येऊन बसायचं आणि ताटली पॅनला भिडवून ते सगळं उलटं करायचे. मी एकदा विचारलं, किती दिवस लागले शिकायला? ते म्हणाले, पॅनमध्ये ओला रुमाल ठेवून सराव कर, अंडी महाग आहेत. मी केला. रुमाल छान वळायला लागला. अंडं अजून दहापैकी चारदा दगा देतं.

पण ठोके जमले नाहीत म्हणून अडत नाही, कारण खरा आकार ताटलीत देता येतो. जपानी घरांत हेच करतात. दोन्ही कडा भातावर जेमतेम आल्या की पॅनला ताटली लावून उलटं करा, दुमडलेली बाजू खाली जाईल. वर टिश्यू पेपरचा मोठा तुकडा ठेवा आणि दोन्ही तळव्यांनी अलगद दाबत बाजू आत सारा, टोकं निमुळती करा. वरणभाताची मूद आपण गोल पाडतो, ही बदामासारखी लांबट पाडायची. गरम असतानाच करायचं. निवलं की अंडं ऐकत नाही. बारीकसारीक फाटलेलं या दाबण्यात खाली जातं आणि कुणाला दिसत नाही. त्या पेपरने माझी लाज कितीदा राखली ते मीच जाणे.

वरून केचपची एक जाड रेघ, झालं. तोक्योच्या अकिहाबारातल्या मेड कॅफेत, म्हणजे मोलकरणीच्या पोशाखातल्या मुली वाढतात तिथे, त्याच केचपने पत्त्यांतल्या बदामाचा आकार आणि मांजरं काढून देतात. घरी मुलं असतील तर बाटली त्यांच्या हातात द्या. मोठ्या रेस्टॉरंटांत वर डेमी-ग्लास घालतात, पण तो तपकिरी सॉस हाडं आणि मांस तासन्‌तास शिजवून होतो. त्याच्या वाटेला मी जात नाही.

चिकनशिवाय नक्की चालतं. बटन मशरूम सगळ्यात बरे, फक्त आधी नुसतेच परतून त्यांचं पाणी पूर्ण आटवा. कोलंबीही चालते. मटार-गाजर घालणारे लोक आहेत. पनीर मी एकदा घातलं होतं. पुन्हा घालणार नाही.

इतकं करून उलगडणाऱ्या प्रकाराचा मोह सुटत नसेल तर त्यातला सोपा मार्ग असा: भाताची वाटीने मूद पाडा, तीन अंड्यांचं मऊ ऑम्लेट नुसतं एकदा दुमडून वर ठेवा आणि तसंच खायला घ्या. कापायच्या भानगडीत पडू नका. आणि ते भोवऱ्यासारखे पीळ पडलेलं जे असतं, चॉपस्टिकने अंडं दोन बाजूंनी चिमटीत धरून पॅन गोल फिरवतात ते, त्याबद्दल मला विचारू नका. मागच्या रविवारी सहा अंडी गेली आणि शेवटी बुर्जी-पाव खाल्ला.