सातच्या वर नाही

तुझा डिस्क गोल्फचा व्हिडिओ पाहिला, म्हणजे फ्रिसबीसारखी डिस्क दुरून साखळ्यांच्या बास्केटमध्ये टाकायच्या आपल्या खेळाचा. थांबवून, मागे नेऊन पाहिला. मनगट ठीक आहे, खांदाही ठीक आहे. पाय थोडे घाईत पडतात, पण ते नंतर बघू. तू विचारलंयस, ‘काका, दर वेळी डावीकडेच जाऊन आपटते, माझं नक्की काय चुकतंय?’ आणि खाली, ‘हा खेळ बहुतेक माझ्यासाठी नाही.’ हे दुसरं वाक्य वाचलं आणि चहा बाजूला ठेवून लिहायला बसलो. तुझ्या हातात बारा नंबरची, म्हणजे बारा स्पीडची डिस्क आहे. तुझा आजचा वेग पाहता तिने जसं पडायला हवं, अगदी तशीच ती पडतेय.

मुख्य गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे पत्र अर्ध्यात सोडलंस तरी चालेल. सात स्पीडच्या वरच्या डिस्कवर जायचं नाही. निदान वर्षभर तरी नाही.

डिस्कवरचे चार आकडे तुला पाठ आहेत. त्या दिवशी घडाघडा म्हणून दाखवलेस: स्पीड, ग्लाइड (म्हणजे तरंगणं), टर्न, फेड. तुझ्या डिस्ट्रॉयरचे १२, ५, उणे १, ३. पण त्या पहिल्या आकड्याकडे तू मोबाइलच्या रॅमसारखा बघतोयस, जास्त तितकं चांगलं. तो आकडा डिस्कने तुझ्याकडे केलेली मागणी आहे. इतक्या वेगाने मला सोड, तर मी नीट उडेन, एवढंच ती म्हणते. बाराची डिस्क हातातून साधारण ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास सुटावी लागते. नवख्याच्या हातून साठ-पासष्टने सुटते. तुझीही तेवढ्यानेच सुटत असणार, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता ती डावीकडे का जाते ते बघ. उजव्या हाताने बॅकहँड टाकलेली डिस्क वरून पाहिली तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते. तिच्या मापाचा वेग अंगात असेल तोवर ती सरळ जाते, किंचित उजवीकडेही झुकते, तो टर्न. वेग ओसरला की डावी कड खाली जाते आणि डिस्क डावीकडे वळत उतरते, तो फेड. जवळच्या थ्रोची पटर असो, मधल्या पल्ल्याची मिडरेंज असो, लांब पल्ल्याची ड्रायव्हर असो, शेवट हाच. फरक एवढाच, की तुझी डिस्क त्या मापाच्या वेगाला कधी पोचलीच नाही. म्हणून उड्डाणाचा शेवट तुला पहिल्या सेकंदालाच दिसतो. त्यात ती दूर जावी म्हणून तू तिचं नाक वर करून सोडतोस. मग ती वर चढते, हवेत अडते आणि आणखी जोरात डावीकडे कोसळते.

तू लिहिलंस की गेल्या रविवारी मखमलाबादच्या पुढच्या माळावर दोन थ्रो ‘एकदम प्रोसारखे’ सरळ गेले, आणि मग पुन्हा कधी जमलं नाही. अरे, त्या दिवशी समोरून वारा होता! समोरच्या वाऱ्यात डिस्कला लागणारा हवेचा वेग आपोआप वाढतो. तुझ्या हातात जी कसर होती ती वाऱ्याने भरून काढली. वारा पडला आणि डिस्क पुन्हा आपल्या वळणावर गेली. तू मात्र आठवडाभर स्वतःत ते ‘हरवलेलं’ तंत्र शोधत बसलास. शिवाय आपलं नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच, हवा थोडी विरळ. मे महिन्यात तापली की आणखी विरळ. अशा हवेत डिस्क उजवीकडे कमी झुकते आणि डावीकडे लवकर पडते. फरक थोडाच असतो, पण जो असतो तो तुझ्या विरोधातच जातो.

पांडवलेणीच्या चढावर कुणी पाचव्या गिअरमध्ये बाइक घातली आणि ती आचके देत बंद पडली, तर तू इंजिनला शिव्या देशील का? मग स्वतःच्या खांद्याला का देतोस?

आणि शिव्यांवर हे थांबत नाही, म्हणून मी एवढा तडकतो. डिस्क डावीकडे पडते, म्हणून माणूस नकळत तिची बाहेरची कड वर उचलून, उजवीकडे कलती सोडायला लागतो. अ‍ॅनहायझर. त्याने आज दहा मीटर जास्त मिळतात. मग तीच सवय होते. कंबर फिरायची थांबते, पाठीतून यायचा जोर कोपरातून यायला लागतो, आणि सपाट थ्रो नावाची गोष्ट हाताला कळेनाशी होते. वाईट डिस्कने वाईट थ्रो शिकवला, आणि पुढे चांगली डिस्क हातात आली तरी थ्रो तोच राहिला. माझं उजवं कोपर थंडीत अजून बोलतं. मला पहिला संच ज्याने विकला त्याने त्यात सगळे ड्रायव्हरच घातले होते, वर म्हणाला, ‘एकदम लांब जातात.’ जातात की. ज्याच्या जातात त्याच्या जातात.

मिडरेंज आणि पटरने हे लपवता येत नाही, आणि नेमकं म्हणूनच ते घ्यायचे. एव्हिअर या पटरचे आकडे बघ: २, ३, ०, १. हात जरा वाकडा पडला की ती लगेच डुगडुगते. तू कलती सोडलीस तर कलतीच जाते आणि तशीच पडते. हवेत डगमगली तर समज, सोडताना मनगट ओढलंस. डिस्ट्रॉयर यातलं काहीच सांगत नाही. तुझी चूक कोणतीही असो, तिचं उत्तर एकच: डावीकडे. असल्या मास्तराकडून तू काय शिकणार?

तू म्हणशील, मग सगळे बारा-तेराच्याच का फेकतात? सगळे म्हणजे कोण? तू रात्री जे व्हिडिओ बघतोस ते? २०१६ साली डेव्हिड विगिन्स ज्युनिअरने नेवाडाच्या वाळवंटात ३३८ मीटर फेकली. वाऱ्याची साथ घेऊन फेकली, आणि लहानपणापासून घडवलेल्या हाताने फेकली. त्यातलं तुझ्या खिशात काय आहे? फक्त डिस्क. उलट केन क्लायमो बघ. १२ वेळा विश्वविजेता. त्याच्या आद्याक्षरांनी निघालेली एव्हिअर लोक आजही हौसेने घेतात, आणि ती पटर आहे.

हेही ध्यानात घे की खेळ आधी आला आणि या पातळ कडेच्या डिस्क मागून आल्या. एड हेड्रिकने कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्हला पहिला कायमचा कोर्स आखला तो १९७५ साली. साखळ्यांची बास्केट त्यानंतरची. आणि उतरत्या कडेची पहिली डिस्क, इनोव्हा कंपनीची ईगल, आली १९८३ मध्ये. तोवर लोक गोल कडेच्या, झाकणासारख्या डिस्कनेच खेळत होते, स्पर्धा भरवत होते, हरत-जिंकत होते. कुणी म्हणालं नाही की आमच्याकडे बाराची डिस्क नाही म्हणून आम्हाला हा खेळ जमत नाही.

सातच्या वर नाही. पुन्हा लिहितो, कारण हे तू वाचून सोडून देशील हे मला माहीत आहे.

देवळालीहून एक मुलगा यायचा, सायकलवर. हात असा की बघत राहावं. पाठीवरच्या पिशवीत मात्र सगळे ड्रायव्हर. मी एकदा सांगितलं, त्याने हसून टाळलं, आणि मी विषय सोडला. म्हटलं, आपण कशाला आगाऊपणा करा. पावसाळा संपेपर्यंत त्याचं येणं थांबलं. परवा भेटला तर म्हणाला, ‘काका, तो खेळ आपल्याकडच्यांसाठी नाही.’ त्याच्याइतका चांगला हात मी नाशकात दुसरा पाहिलेला नाही. तुझं ते वाक्य वाचून मला त्याचाच आवाज ऐकू आला. तेव्हा यापुढे मी आगाऊपणा करणार, तुला आवडो न आवडो.

माझ्यामागे काय बोललं जातं तेही मला ठाऊक आहे. काकांचा स्वतःचा हात पोचत नाही, म्हणून काका सगळ्यांना पटर घ्यायला लावतात. पोचत नाही, कबूल. चाळिशी उलटल्यावर मी हा खेळ हातात घेतला. विसाव्या वर्षी कुणी डिस्क दिली असती तर काय झालं असतं हा विचार अजून येतो, विशेषतः तुम्ही पोरं रन-अप घेता तेव्हा. पण हात पोचत नसताना मी खेळतोय ना? तुमच्यातले निम्मे लांब फेकतात आणि मग गिरणाऱ्याच्या बाजूच्या द्राक्षबागेत डिस्क शोधत फिरतात. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर बागेत पाय टाकलेला मालकाला खपत नाही, आणि का खपावा? तोवर मी मोकळ्या पट्ट्यात मधोमध पडलेली माझी पाच नंबरची मिडरेंज, बझ, उचलून दुसरा थ्रो घेतलेला असतो. मी ड्रायव्हर कुणाला उसने देत नाही, म्हणून मला खडूस म्हणतात. खुशाल म्हणा. ज्याला पोहता येत नाही त्याला मी रामकुंडावर पुराच्या पाण्यातही ढकलत नाही.

असो. चिडलो. तुझ्यावर नाही.

तुझ्याकडच्या त्या चारही ड्रायव्हर कपाटात ठेव. विकू नकोस, एक-दोन वर्षांनी लागतील. एक पटर घे, एक मिडरेंज घे. बस. पटर साध्या, स्वस्त प्लास्टिकची घे. हाताला पकड चांगली मिळते. मिडरेंजही आधी त्याच प्लास्टिकची. आपल्याकडचा काळा दगड आणि मुरूम तिला लवकर झिजवतात, पण झिजलेली डिस्क जास्त सरळ जाते, फेड कमी होतो. महागडं कडक प्लास्टिक दगडाला पुरून उरतं आणि त्याच साच्यात जरा जास्त डावीकडे ओढतं. आज तुला ते नको.

सकाळी गोल्फ क्लब ग्राऊंडवर फक्त पटिंग, म्हणजे जवळून बास्केटमध्ये टाकणं. तिथे चालणाऱ्यांची गर्दी असते, लांब थ्रो अजिबात नाही. ड्रायव्हरची पातळ कडक कड कुणाच्या कानशिलाला लागली तर खेळ राहील बाजूलाच. अंबडच्या वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलेली माझी बास्केट घेऊन जा, साखळ्या जरा गंजल्यात पण आवाज छान येतो. पाच मीटरवरून सुरू कर, दहापर्यंत जा. दहा मीटरच्या आतून टाकल्यावर तोल सावरून उभं राहावं लागतं, पुढे पाऊल पडलं की फाउल. ती सवय आत्ताच लाव.

लांब थ्रो माळावर, उभ्याने, रन-अपशिवाय. पटर सपाट सोड. ती साठ मीटर सरळ जायला लागली, म्हणजे खेळपट्टीपासून सीमारेषेच्या जवळपास, आणि दहातल्या सात-आठ वेळा जायला लागली, की मिडरेंजवर जा. मिडरेंज पंचाहत्तरला पोचली की मला फोन कर. तेव्हा आपण लेपर्ड नावाची डिस्क बघू: ६, ५, उणे २, १. ती तुझ्या वेगालाही आधी उजवीकडे कलेल आणि मग परत येईल. सुटलेली डिस्क इंग्रजी एस काढत जाते म्हणजे काय, ते तुला पहिल्यांदा दिसेल. त्यानंतर सातची. सातची डिस्क नव्वद मीटरच्या पुढे सपाट जाईपर्यंत कपाट उघडायचं नाही. आणि मध्येच कुणी मित्र म्हणाला, ‘एकदा माझी तेराची फेकून बघ,’ तर फेकू नकोस. ती एकदाच फेकून भागत नाही. एकदा वारा साथ देतो, ती सरळ जाते, आणि पुढचे सहा महिने तू त्या एका थ्रोच्या मागे धावतोस. हे तर तुझं आत्ताच झालंय.

रविवारी ये. पिशवीत सातच्या वरचं काही दिसलं तर मी खेळणार नाही, घरी जाईन. धमकी समज हवं तर.

तुझा,
काका

ता. क. वजनाचं विचारलं होतंस. नियमाप्रमाणे व्यासाच्या दर सेंटिमीटरला ८.३ ग्रॅमपर्यंत वजन चालतं, म्हणजे २१ सेंटिमीटरच्या डिस्कला १७४ च्या आसपास. पटर १७० च्या पुढची घे, हातात स्थिर राहते. मिडरेंज १६५ च्या आसपास चालेल. दीडशेच्या जवळची हलकी डिस्क कमी जोरात लांब जाते खरी, पण जून-जुलैच्या वाऱ्यात कुठे भरकटेल सांगता येत नाही, तेव्हा ती पावसाळ्यानंतर बघू. आणि हिरवी घेऊ नकोस, माळावर गवत वाढलंय. केशरी किंवा गुलाबी घे.