वाचकांचे प्रश्न : शिडाच्या नौकेवरील विजेचा हिशेब

प्रश्न : मी व्यापारी जहाजांवर इंजिनिअर म्हणून नोकरी करून निवृत्त झालो असून, पत्नीने व मी मिळून फ्रान्समध्ये ३६ फुटी, फायबरची एक जुनी शिडाची नौका विकत घेतली आहे. सध्या ती कॅनरी बेटांवरील लास पाल्मास बंदरात आहे. डिसेंबरच्या आरंभी तेथून निघून अटलांटिक ओलांडायचा, कॅरिबियनमधील सेंट लुसिया गाठायचे आणि मे अखेरपर्यंत त्या भागातील उपसागरांत नांगर टाकून नौकेवरच राहायचे, असा आमचा बेत आहे. नौकेवर ११० एएचच्या (ॲम्पिअर-तासांच्या) दोन एजीएम, म्हणजे शिशाच्या सीलबंद, बॅटऱ्या, इंजिनावरील ८० ॲम्पिअरचा अल्टरनेटर आणि एक पवनचक्की आहे. व्यापारी वाऱ्यांच्या, म्हणजे सतत पूर्वेकडून वाहणाऱ्या वाऱ्यांच्या, पट्ट्यात ही चक्की पुरून उरेल, असे विक्रेत्याने सांगितले. त्यावर विसंबावे का? सोलर पॅनेल किती घ्यावीत आणि लिथियम बॅटरीवर खर्च करावा का? पत्नीला गॅसऐवजी इंडक्शन शेगडी हवी आहे, ते जमेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : विक्रेत्याचे म्हणणे नांगरावर उभ्या असलेल्या नौकेपुरते काही अंशी खरे आहे, अटलांटिक ओलांडताना मात्र ते फसवे ठरेल. पवनचक्कीला मिळणारी शक्ती वाऱ्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, आणि चक्कीला जाणवतो तो समुद्रावरचा वारा नव्हे, तर चालत्या नौकेवर जाणवणारा वारा. लास पाल्मासहून पश्चिमेकडे जाताना व्यापारी वारा बहुतेक वेळ पाठीशी असतो. तो १८ नॉटने (एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) वाहत असेल आणि आपण त्याच दिशेने ६ नॉटने पळत असाल, तर चक्कीच्या वाट्याला १२ नॉटच येतात. वेग दोन-तृतीयांश झाला, पण शक्ती तिसऱ्या हिश्श्याहूनही खाली गेली. सुमारे सव्वा मीटर व्यासाची जी चक्की १८ नॉटला दीडशे वॅट देईल, ती १२ नॉटला चाळीस-पंचेचाळीस वॅटच देते, म्हणजे चोवीस तास अखंड फिरूनही जेमतेम एक युनिट. मुक्कामी पोहोचल्यावरही अडचण आहेच, कारण नांगर टाकायला आपण आडोशाची, कमी वाऱ्याचीच जागा शोधतो. तरीही चक्की काढून टाकू नका. ढगाळ दिवशी आणि रात्री ती थोडी भर घालते, आणि नॉर्वेचे ध्रुवसंशोधक नान्सेन यांच्या ‘फ्राम’ जहाजावर तर १८९३ मध्ये उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात अशाच पवनचक्कीवर विजेचे दिवे लागत होते. फक्त तिच्यावर संसार उभा करू नका.

किती वीज निर्माण करावी, याआधी किती लागेल, हे पाहिले पाहिजे. घरच्या वीजबिलात असते त्याच युनिटमध्ये, म्हणजे हजार वॅट-तासांत, हा हिशेब मांडला की तो चटकन समजतो. बारा व्होल्टच्या कॉम्प्रेसरचा छोटा फ्रिज उष्ण कटिबंधात दिवसाला अर्धे ते पाऊण युनिट घेतो. चार्टप्लॉटर (सागरी नकाशाचा पडदा), व्हीएचएफ रेडिओ, एआयएस (आसपासची जहाजे दाखवणारी यंत्रणा) आणि वाऱ्या-खोलीची उपकरणे चोवीस तास चालू ठेवली, तर आणखी अर्धे ते पाऊण युनिट जाते. दिवे, पंखे, फोन आणि लॅपटॉप मिळून सुमारे अर्धे युनिट होते. समुद्राचे पाणी गोडे करणारे यंत्र ऊर्जा परत वापरणाऱ्या जातीचे असेल, तर लिटरमागे चार-पाच वॅट-तासांत भागते, त्यामुळे दोघांच्या चाळीस लिटरांची फारशी चिंता नको. उपग्रह इंटरनेटची मोठी ताटली मात्र सतत पन्नास ते पंचाहत्तर वॅट ओढते. ती दिवसरात्र चालू राहिली तर एकटीच फ्रिजच्या दुप्पट वीज खाईल. म्हणून ती दिवसातून दोन तास लावावी आणि बंद करावी.

प्रवासात या सर्वांहून मोठा ग्राहक असतो तो ऑटोपायलट. आपल्या आकाराच्या नौकेला मागून येणाऱ्या लाटा सतत वळवू पाहतात, आणि सुकाणू धरून ठेवणारी ती मोटर सरासरी चार ॲम्पिअर जरी ओढत असली, तरी दिवसाला सव्वा युनिटाच्या आसपास खर्च होतो. समुद्र खवळला की त्याहून अधिक. लास पाल्मास ते सेंट लुसिया हे अंतर सुमारे २,७०० सागरी मैल आहे आणि सरासरी ६ नॉटने त्याला जवळजवळ एकोणीस दिवस लागतात. इतके दिवस दोघांनी हाताने सुकाणू धरणे शक्य नाही. माझे स्पष्ट मत असे आहे की, सोलर पॅनेलचे पैसे ठरवण्याआधी आपण विंडव्हेन घ्यावे. नौकेच्या पाठीमागे बसणारे हे यंत्र वाऱ्याच्या पात्याने आणि पाण्यातील पट्टीने सुकाणू सांभाळते व विजेचा एक थेंबही मागत नाही. नौदलाचे निवृत्त अधिकारी अभिलाष टॉमी यांनी २०२२-२३ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत दुसरे स्थान मिळवले, त्या शर्यतीत विजेवरच्या ऑटोपायलटला परवानगीच नाही. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा होते ती विंडव्हेनवर. त्यांच्या विंडव्हेनचे भाग वाटेत मोडले आणि त्यांना ते दुरुस्त करावे लागले, हेही लक्षात ठेवून सुटे भाग सोबत घ्यावेत. विद्युत ऑटोपायलट काढू नका. वारा पडून इंजिन चालवावे लागेल तेव्हा तोच कामाला येईल.

विंडव्हेन बसवल्यावर प्रवासातील गरज दिवसाला दोन युनिटांच्या घरात येते, आणि ती भागवण्याचे उत्तम साधन म्हणजे पाण्यातील टर्बाइन, ज्याला हायड्रोजनरेटर म्हणतात. नौकेच्या मागे दांड्यावर लावलेला छोटा पंखा नौकेच्या वेगाने फिरतो आणि वीज देतो. पाणी हवेच्या सुमारे आठशे पट दाट असल्यामुळे वितीएवढा पंखाही ५ नॉटला शंभर-सव्वाशे वॅट देऊ शकतो. तो रात्रंदिवस फिरत असल्याने दिवसाला अडीच युनिटांच्या पुढे वीज मिळते आणि वेगात होणारी घट किरकोळ असते. लांब पल्ल्याच्या शर्यतींत हे साधन रुळले आहे. २०१६-१७ च्या वांदे ग्लोब शर्यतीत कॉनराड कोलमन यांनी इंधनाचा वापर न करता, पाणी आणि सूर्य यांच्या विजेवर पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. तीच शर्यत २०२०-२१ मध्ये जिंकणारे यानिक बेस्तावां हे अशा टर्बाइन बनवणाऱ्या वॉट-अँड-सी कंपनीच्या संस्थापकांपैकी आहेत. अटलांटिकमध्ये वाहून येणारे सारगासम शेवाळ पंख्यात अडकते, म्हणून टर्बाइन वर उचलता येईल अशीच बैठक घ्यावी. नांगर टाकला की मात्र हे यंत्र निरुपयोगी आहे.

तेथून पुढचे महिने सोलर पॅनेलचे आहेत. नांगरावर चार्टप्लॉटर आणि सुकाणू बंद असते. फ्रिज, पंखे, दिवे, लॅपटॉप, पाणी आणि थोडे इंटरनेट मिळून दीड ते पावणेदोन युनिट लागतात. कॅरिबियनच्या उन्हात आडवे बसवलेले १०० वॅटचे पॅनेल चांगल्या दिवशी साडेतीनशे ते चारशे वॅट-तास देते. त्या हिशेबाने ४०० वॅट कसेबसे पुरतात. आपण ५०० ते ६०० वॅट घ्यावेत, कारण ढग येतात आणि सावली तर नेहमीचीच आहे. सावलीचा मुद्दा बारकाईने पाहण्यासारखा आहे. पॅनेलमधील सेल एकामागोमाग एक जोडलेले असल्याने डोलकाठीच्या एखाद्या तारेची बोटभर सावली एका सेलवर पडली, तरी त्या सेलसोबत जोडलेल्या साऱ्या रांगेचा प्रवाह आखडतो आणि उत्पन्न सावलीच्या आकारापेक्षा कितीतरी जास्त घटते. आपण पश्चिमेला जाणार असल्याने सकाळी सूर्य पाठीमागे असेल आणि नौकेच्या मागच्या कमानीवरील पॅनेल छान चालतील. दुपारनंतर सूर्य समोर आला की शिडांची सावली थेट त्यांच्यावर पडेल. डिसेंबरात माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेला, म्हणजे आपल्या डाव्या हाताला असतो; वारा साथ देत असेल तर बूम (मोठ्या शिडाचा खालचा आडवा दांडा) उजवीकडे सोडल्याने मोठे शीड पॅनेलच्या आड येत नाही. प्रत्येक पॅनेलला स्वतंत्र एमपीपीटी नियंत्रक (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरीला देणारे उपकरण) दिला, तर एकावरची सावली दुसऱ्याला भोवत नाही. छतावर चिकटवायची लवचिक पॅनेल दिसायला सुबक असली, तरी खालून हवा न मिळाल्याने तापतात व लवकर बाद होतात. कमानीवर काचेची, ॲल्युमिनिअम चौकटीची पॅनेलच बसवावीत.

बॅटरीबद्दल आपली शंका रास्त आहे. आपल्या दोन एजीएम मिळून २२० एएच भरतात, पण त्यांचे आयुष्य राखायचे तर निम्मीच वीज काढावी, म्हणजे हाती जेमतेम सव्वा युनिट येते. शिवाय शिशाच्या बॅटरीचा शेवटचा पाचवा हिस्सा भरायला काही तास लागतात. त्या अवस्थेत इंजिन चालवून चार्ज करणे म्हणजे डिझेल जाळून चार-दोन ॲम्पिअर मिळवणे. अल्प भारावर तासन् तास चालणाऱ्या डिझेल इंजिनाच्या सिलिंडरची भिंत गुळगुळीत होऊन तेल जळू लागते, हे आपणांस मी सांगायला नको. लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरीतून ऐंशी टक्के वीज निर्धास्त काढता येते, ती भरभर चार्ज होते आणि तितक्याच उपयुक्त साठ्याला शिशापेक्षा कितीतरी कमी वजन लागते. ४०० एएच घेतल्यास हाती चार युनिट राहतील आणि एक पूर्ण ढगाळ दिवस सहज निघेल.

परंतु जुन्या बॅटऱ्या काढून त्याच तारांना लिथियम जोडून टाकू नका. ही बॅटरी मिळेल तेवढा प्रवाह घेते, त्यामुळे साधा अल्टरनेटर पूर्ण भारावर तापत राहतो आणि त्याच्या वेटोळ्यांचे आवरण जळू शकते. दुसरा धोका आणखी मोठा आहे : बॅटरीच्या आतील बीएमएसने (तिचे रक्षण करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने) काही कारणाने जोडणी एकाएकी तोडली, तर चालत्या अल्टरनेटरचा प्रवाह जायला वाट उरत नाही, व्होल्टेज क्षणात उसळते आणि डायोडसह नौकेवरची इलेक्ट्रॉनिक उपकरणेही जातात. यावर सोपा उपाय म्हणजे अल्टरनेटर इंजिन सुरू करण्याच्या शिशाच्या बॅटरीलाच जोडलेला ठेवावा आणि तिच्यातून डीसी-डीसी चार्जरमार्फत लिथियमला ठरावीक प्रवाह द्यावा. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत टी-वर्गाचा फ्यूज हवाच. लिथियम बॅटरी शॉर्ट झाली तर हजारो ॲम्पिअर सोडते आणि साधा फ्यूज तो प्रवाह तोडू शकत नाही. तारा कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याच्याच घ्याव्यात, कारण उघडे तांबे खाऱ्या हवेत आतून हिरवे पडते.

इंडक्शनबाबत वहिनींची निराशा करावी लागते, पण पूर्णपणे नाही. दोन हजार वॅटची शेगडी बारा व्होल्टवर पावणेदोनशे ॲम्पिअरहून अधिक ओढते आणि दोघांचा दोन वेळचा स्वयंपाक एक ते दीड युनिट घेतो. प्रवासात ते परवडणार नाही. नांगरावर असताना भर दुपारी, बॅटरी भरून पॅनेलची वीज वाया जात असते त्या वेळी, कुकरमध्ये वरण-भात लावायला शेगडी जरूर वापरावी. सकाळचा चहा आणि रात्रीचे जेवण गॅसवरच ठेवावे. गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास नौकेच्या तळाशी साचतो, म्हणून सिलिंडरचा कप्पा बंदिस्त आणि त्याची नळी थेट बाहेर उघडणारी आहे ना, हे निघण्याआधी तपासावे.

पैसे एकदम घालता येणार नसतील, तर विंडव्हेन, वायरिंग व बॅटरी आणि सोलर पॅनेल हा क्रम ठेवावा. टर्बाइन महाग आहे. एकदाच अटलांटिक ओलांडायचा असेल, तर तिच्याऐवजी रोज तासभर इंजिन चालवण्याची तयारी ठेवून भागवता येईल. पुढे पनामा ओलांडून पॅसिफिकचा विचार असेल, तर ती आत्ताच घ्यावी.

प्रश्न : माझी पर्यटकांची छोटी बोट बंदरात बांधलेली असते. घरच्या इन्व्हर्टरची १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी पडून आहे. ती एका सोलर पॅनेलसह बोटीवर दिवे-पंख्यांसाठी वापरता येईल का?
— एक वाचक, मालवण

उत्तर : बांधलेल्या बोटीवर चालेल, भर समुद्रात नेऊ नये. या बॅटरीत पातळ आम्ल असते, बोट कलली की ते झाकणातून सांडते आणि चार्ज होताना हायड्रोजन निघतो. तिला झाकणाच्या प्लास्टिक पेटीत पट्ट्याने घट्ट बांधा, पेटीला वरच्या बाजूने हवा जायला वाट ठेवा आणि पेटी बोटीच्या तळापासून उंच बसवा, कारण बॅटरीत समुद्राचे पाणी शिरल्यास क्लोरिन वायू तयार होतो. डिस्टिल्ड वॉटरची पातळी दर महिन्याला पाहा. जूनमध्ये बोट किनाऱ्यावर ओढाल तेव्हा बॅटरी पूर्ण चार्ज करून घरी न्या आणि पावसाळाभर महिन्यातून एकदा चार्जिंगला लावा. तशीच पडून राहिली तर दर्यावर परतण्याआधीच ती बाद झालेली असेल.