३० नोव्हेंबरनंतर हरिकेन येतं का?

तुमचा प्रश्न असा आहे की साताऱ्याहून आई-बाबा डिसेंबरअखेर फ्लोरिडात टँपाला येणार, त्यांना घेऊन पूर्व कॅरिबियनची क्रूझ ठरलीय, आणि हरिकेनचा, म्हणजे अटलांटिकमधल्या जोरदार चक्रीवादळांचा, मोसम ३० नोव्हेंबरला संपतो म्हणून निर्धास्त राहावं का.

राहा. अगदी शंभर टक्के नाही, पण राहा. १ जून ते ३० नोव्हेंबर ही तारीख म्हणजे आपल्याकडच्या ७ जूनसारखी. मृग लागतो, पाऊस बहुतेकदा त्याच सुमारास येतो, पण त्याने तसं लिहून दिलेलं नसतं. अटलांटिकमधली सुमारे ९७ टक्के वादळं या सहा महिन्यांत होतात. उरलेली थोडी, पण विलक्षण.

मला या अवेळी वादळांचं वेड लागलं ते २००५ साली. त्या वर्षी वादळांना द्यायची ठरलेली नावं संपली आणि ग्रीक अक्षरं वापरावी लागली. एप्सिलॉन २९ नोव्हेंबरला तयार झालं, २ डिसेंबरला हरिकेन झालं आणि ८ तारखेपर्यंत भर समुद्रात तग धरून राहिलं. मी रोज बुलेटिन वाचायचो. आता हे कमजोर होईल, असं त्यात असायचं आणि ते काही व्हायचं नाही. शेवटी मायामीच्या नॅशनल हरिकेन सेंटरच्या अंदाजकाराने लिहून टाकलं की जोर वाढण्याचं स्पष्ट कारण दिसत नाही आणि मी ते बनवूनही सांगणार नाही. सरकारी कागदात इतकं सरळ वाक्य मी पुन्हा वाचलेलं नाही. त्यानंतर ३० डिसेंबरला झीटा आलं, ते ६ जानेवारीपर्यंत होतं.

होतं काय, तर वादळाला २६-२७ अंशांचं पाणी लागतं हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण खरा मुद्दा खालचं पाणी आणि वरची हवा यांच्यातल्या फरकाचा. हिवाळ्यात उत्तरेकडून थंड हवेचा एखादा भोवरा खूप उंचावर सरकत येतो आणि मुख्य प्रवाहापासून तुटून तिथेच रेंगाळतो. वर इतकं गार असलं की खालचं कोमट पाणीसुद्धा ढग उभे करायला पुरतं. सुरुवातीला ते साधं हिवाळी वादळ असतं, मग मध्यभागी ढग दाटतात, गाभा उबदार होतो आणि त्याची जातच बदलते, ते उष्णकटिबंधीय चक्रीवादळ होतं. जानेवारी २०१६ मधलं अ‍ॅलेक्स असंच. पाणी २२ अंशांच्या आसपास, तरी अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांच्या दक्षिणेला चक्क हरिकेन! एरवी हिवाळ्यात उंचावरचे जोरदार वारे ढगांचे माथे उडवून लावतात, म्हणून असा योग क्वचितच जुळतो.

(मुंबईकर इथे ओखी चक्रीवादळाची आठवण काढतील. ५ डिसेंबर २०१७, शाळांना सुट्टी, चैत्यभूमीला आलेल्या लोकांचे पावसात हाल. पण अरबी समुद्रात आणि बंगालच्या उपसागरात ऑक्टोबर ते डिसेंबर हा वादळांचाच काळ. ते अवेळी नव्हतं.)

आता तुमच्या मार्गाबद्दल. अवेळी वादळं बहुतेक उघड्या समुद्रातच विरतात, पण अ‍ॅलिस २ जानेवारी १९५५ ला सेंट मार्टिन-साबा या बेटांवर हरिकेन म्हणून आलं होतं, म्हणजे तुमच्या बोटीच्याच वाटेवर. डिसेंबर २००७ मधलं ओल्गा वाऱ्याने नव्हे, पाण्याने नडलं. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये ताव्हेरा धरणाचे दरवाजे रात्री उघडावे लागले आणि खालच्या नदीकाठच्या वस्त्या बुडाल्या. सांगली-कोल्हापूरच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. फ्लोरिडाचं म्हणाल तर फेब्रुवारी १९५२ मध्ये एक वादळ दक्षिण टोकावरून गेलं होतं. फेब्रुवारीतलं नोंदीत असलेलं ते एकमेव.

म्हणून वादळासाठी लावलेली घराची शटर्स खुशाल काढा. प्रवासाचा विमा मात्र बुकिंग केल्याबरोबर घ्या. वादळाला नाव पडल्यावर घेतलेला विमा त्या वादळासाठी सहसा चालत नाही. आणि वादळ नसलं तरी डिसेंबरमध्ये उत्तरेचे वारे सुटले की समुद्र खवळलेला असतो, तेव्हा आईंसाठी बोट लागण्याच्या गोळ्या आणि आवळासुपारी जवळ ठेवा. खोली खालच्या मजल्यावर, बोटीच्या मध्यभागी मिळाली तर बघा, तिथे हेलकावे कमी बसतात.