‘सगळीकडे आठ गुण हवेत, मॅडम’

नोकरी सांभाळली की घराकडे दुर्लक्ष होतं, घर धरलं की तब्येत बिघडते, आणि स्वतःसाठी काही करायला गेलं की अपराधी वाटतं. सगळ्याचा मेळ घालायचा कसा? चाळिशीच्या आसपासची माणसं, त्यातही बायका, हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी सतत येतात. नुसते सल्ले देण्यापेक्षा एका बाईंचा अनुभव सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्या सातारा जिल्ह्यात एका बँकेत अधिकारी. वय ४३. मिस्टरांचं हार्डवेअरचं दुकान, मुलगा दहावीत, आणि खुब्याचं ऑपरेशन होऊन वॉकरवर चालायला लागलेल्या सासूबाई. बँकेच्या एका प्रशिक्षणात त्यांना आठ भागांचं एक वर्तुळ भरायला दिलं होतं. करिअर, पैसा, घर, कुटुंब, तब्येत, मित्रमैत्रिणी, स्वतःची वाढ, विरंगुळा. प्रत्येक भागात आपण किती समाधानी आहोत त्याचे दहापैकी गुण द्यायचे. अमेरिकेतल्या पॉल मेयर यांनी १९६० च्या दशकात हे साधन वापरात आणलं असं मानतात, आणि आता ते जगभर प्रशिक्षणांत वापरलं जातं. साधन चांगलंच आहे, मीही वापरते. पण त्या प्रशिक्षणात शेवटी सांगितलं गेलं की चाक असं वाकडं असेल तर गाडी चालणार कशी, सगळे भाग सारखे करा. बाईंनी ते शब्दशः मनावर घेतलं.

त्यांचे गुण होते करिअर ८, पैसा ७, घर ५, कुटुंब ४, तब्येत ३, स्वतःची वाढ ३, मित्रमैत्रिणी २, विरंगुळा १. दिवाळीपर्यंत सगळीकडे ८ आणायचे असं त्यांनी ठरवलं. बँकेतली माणसं, त्यामुळे एक्सेल शीट आलीच. पहाटे साडेचारला उठणं, सूर्यनमस्कार, मुलाची उजळणी, ऑनलाइन कोर्स, रविवारी दोन मैत्रिणींना फोन. जमलं तर हिरवा चौकोन, राहिलं तर लाल. ती शीट प्रिंट काढून त्या माझ्याकडे घेऊन आल्या होत्या. पहिला आठवडा जवळजवळ सगळा हिरवा, दुसरा अर्धामुर्धा आणि तिसऱ्यात लाल रंगाशिवाय काही नाही.

‘मॅडम, एवढं नियोजन करून मी आठही विषयांत नापास झाले,’ म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

मी आधी ते कागद बाजूला ठेवले. झोप लागते का, भूक कशी आहे, आवडत्या गोष्टींत मन लागतं का, जगणं नको असं कधी वाटतं का, हे विचारलं. हा क्रम मी कधीच सोडत नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन सतत खिन्न असेल, कशातच रस उरला नसेल, तर ते जमवाजमवीच्या पलीकडचं असतं आणि तिथे वेळापत्रकाने काही होत नाही. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं. लगेच बोलायला कुणी नसेल तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र सुरू असतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

बाईंना नैराश्य नव्हतं. पण बोलता बोलता त्या म्हणाल्या की बँकेचा जिना चढला तरी धाप लागते, दुपारी डोळ्यांसमोर अंधारी येते. पाळीचा त्रास? तो वर्षभर वाढला होता. ‘चाळिशीत होतंच की असं’ हे सासूबाईंपासून सहकारी मैत्रिणीपर्यंत सगळ्यांनी सांगितलं होतं, म्हणून त्या कुणाला दाखवायला गेल्याच नाहीत. मी म्हटलं, पुढच्या भेटीआधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन या आणि रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन निघालं ८.६. गरोदर नसलेल्या बाईचं ते १२ च्या खाली गेलं तर रक्तक्षय धरतात. म्हणजे ही बाई एवढ्या कमी रक्तावर पहाटे साडेचारला उठून सूर्यनमस्कार घालायला निघाली होती, आणि जमत नाही म्हणून स्वतःला आळशी ठरवत होती!

हे मी पोटतिडकीने लिहितेय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला. ‘माझ्यात जिद्दच नाही’ असं सांगत येणाऱ्या कितीतरी बायकांच्या तक्रारीत थोडा वाटा रक्ताचा, थायरॉइडचा किंवा झोपेचा असतो. आयुष्याचा ताळमेळ बघायच्या आधी एक रक्ततपासणी करून घ्या, मग बाकीचं बोलू.

औषधं सुरू झाल्यावर आम्ही वर्तुळाकडे वळलो. मी विचारलं, कुटुंबाला ४ गुण कुणी दिले? ‘मीच की.’ कुणाकडे बघून? त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, ‘जाऊबाईंकडे बघून.’ जाऊबाई गावी असतात, नोकरी करत नाहीत, उन्हाळ्यात कुरडया-पापड, दिवाळीला सगळं घरचं. बाईंच्या मुलाच्या डब्यात आठवड्यातून दोनदा तरी पोळीऐवजी ब्रेड असतो. त्यातले निम्मे गुण त्या ब्रेडमुळे गेले होते. मुलाशी त्यांचं नातं कसं आहे, तो त्यांना येऊन काय काय सांगतो, याचा हिशेब त्या चारमध्ये नव्हताच.

मग मी प्रत्येक भागासमोर आणखी एक आकडा लिहायला सांगते, तो त्यांच्याकडूनही लिहून घेतला. या वर्षी ही गोष्ट तुमच्यासाठी किती महत्त्वाची आहे? या वर्षी, हे मुद्दाम विचारायचं. घरात दहावी असतानाचं वर्ष आणि मुलगा हॉस्टेलला गेल्यावरचं वर्ष एकाच मापाने कसं मोजणार? त्यांनी विरंगुळ्याला महत्त्व दिलं ३, मित्रमैत्रिणींना ४, स्वतःच्या वाढीला ४. तब्येतीला ९. करिअरला लिहिताना पेन थांबलं आणि मग ६ लिहिलं.

हे दोन आकडे शेजारी आले की बघणाऱ्याला बरंच कळतं. विरंगुळ्याला गुण १ आणि महत्त्व ३, म्हणजे तिथे उणीव आहे, पण जीव अडकलेला नाही. तिथे या वर्षी काही केलं नाही तरी चालेल. तब्येतीला गुण ३ आणि महत्त्व ९. सगळं लक्ष इथे हवं होतं, आणि त्यांच्या शीटमध्ये ऑनलाइन कोर्सला रोज चाळीस मिनिटं दिलेली होती. माझं ठाम मत आहे की आठही भाग सारखे असलेलं आयुष्य मी कुणाचंच पाहिलेलं नाही, आणि तसं व्हावं म्हणून धडपडणाऱ्या माणसाचे हाल मात्र पाहिलेत. एखादी बाजू काही काळ कमी राहणार हे स्वतः ठरवून मान्य केलं की अपराधीपणाचा बराच भार उतरतो.

अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाने १९५५ पासून जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, तिच्यात इच्छा आणि हट्ट यांत फरक केला आहे. सगळं चांगलं व्हावं ही इच्छा निरोगी आहे. सगळं माझ्याकडून चांगलं झालंच पाहिजे, नाहीतर मी कुचकामी, हा हट्ट माणसाला झोपू देत नाही. बाईंबरोबर काही भेटी आम्ही फक्त यावर घालवल्या. ब्रेडचा डबा दिला म्हणजे वाईट आई, हे वाक्य त्या स्वतःशी रोज सकाळी बोलत होत्या.

दरम्यान एका आठवड्याचे १६८ तास कुठे जातात ते त्यांना लिहायला लावलं. वेळ वाचवण्यासाठी नव्हे, बघण्यासाठी. त्यातला एक दिवस सांगते. सप्टेंबर २०१५ पासून बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी असते. बाईंनी त्या रकान्यात आधी नुसतं ‘सुट्टी’ लिहिलं होतं. मी म्हटलं, काय काय झालं ते लिहा. तर सकाळी फिजिओथेरपिस्ट येणार म्हणून सासूबाईंची आंघोळ लवकर उरकणं. मग गिरणीत दळण टाकणं, महिन्याचं वाणसामान, मुलाच्या क्लासची फी, सासूबाईंच्या गोळ्या संपल्या म्हणून मेडिकल. बँकेच्या कर्जवसुलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर साहेबांचे मेसेज, त्यांना उत्तरं. दुपारी नणंद आईला भेटायला आली, तिचं चहापाणी, मग ती जेवूनच गेली. रात्री साडेनऊला त्या पहिल्यांदा निवांत बसल्या, तेही कपड्यांच्या घड्या घालायला. रात्री सासूबाईंना बाथरूमला न्यायला दोनदा उठल्या. हा पान भरलेला कागद मी त्यांना मोठ्याने वाचायला सांगितला. वाचून झाल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, ‘यात माझ्या मिस्टरांचं नाव कुठेच आलं नाही.’

मी मिस्टरांना बोलावलं. ते आले, हे मी त्यांच्या बाजूने नोंदवते. बरेच नवरे येत नाहीत. त्यांनाही तेच वर्तुळ दिलं. त्यांनी घराला दिले ९, कुटुंबाला ८. दोन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवले तेव्हा ते बराच वेळ बघत राहिले. ‘हिला चार वाटतात?’ एवढंच विचारलं. वाईट माणूस नव्हता तो. दुकान सकाळी नऊ ते रात्री नऊ, घरी आलं की सगळं जागेवर असायचं, ते जागेवर कुणी आणलं हे डोळ्यांआड. त्यांना मी २०२४ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणातले आकडे सांगितले. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्यांमध्ये बायकांचा सरासरी वेळ दिवसाला २८९ मिनिटं आणि पुरुषांचा ८८. म्हणजे हे एका घराचं भांडण नाही. पण यामुळेच, बाईने स्वतःचं वेळापत्रक कितीही कसलं तरी जे काम मुळात दोघांचं आहे ते तिच्या एकटीच्या दिवसात मावणार नाही.

‘मी मदत करेन की,’ ते म्हणाले. मी म्हटलं, मदत नको, पूर्ण खातं घ्या. सासूबाईंची औषधं, फिजिओची वेळ, डॉक्टरांची तारीख, सगळं तुमच्याकडे. लक्षात ठेवणंसुद्धा. बाईंनी आठवण करायची नाही आणि तुम्ही विचारायचं नाही. रात्रीचं उठणं एक दिवसाआड. पहिल्याच महिन्यात फॉलोअपची तारीख हुकली. बाईंना मधे पडायची फार घाई झाली होती. त्या पडल्या नाहीत, हे मला सगळ्यात मोठं वाटतं. पुढच्या आठवड्यात ते स्वतः दुकान बंद ठेवून आईला घेऊन गेले.

पोळ्यांना बाई लावायचा विषय मात्र अडला. सासूबाईंना परक्या हातच्या पोळ्या चालत नाहीत.

बाकीच्या भागांत आम्ही एक-एक गुणाचंच बोललो. तीनाचे आठ कसे होतील हे विचारलं की माणूस पहाटे साडेचारचा अलार्म लावतो. तीनाचे चार झाले तर येत्या मंगळवारी काय वेगळं दिसेल, असं विचारलं की उत्तर हाताला लागतं. बाई म्हणाल्या, डबा अडीचच्या आत खाईन, काउंटरमागे उभं राहून नाही, बसून. आणि रात्री साडेदहानंतर बँकेचा ग्रुप म्यूट. साहेबांना हे सांगायचं त्यांना दडपण होतं. आम्ही ते वाक्य दोघींनी मिळून तयार केलं, त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं आणि सांगितलं. साहेबांनी नाराजी दाखवली, पण रात्रीचं काम सकाळी नऊला करून द्यायला लागल्यावर विषय संपला.

मार्चमध्ये क्लोजिंग, म्हणजे बँकेचे वर्षअखेरचे हिशेब, आलं आणि यातलं बरंच कोलमडलं. डबा पुन्हा चारला, घरी यायला दहा. त्यांनी लगेच नापासाची भाषा सुरू केली. मी विचारलं, क्लोजिंग कधी संपतं हे तुम्हाला माहीत आहे ना? मग तोवर दोनच गोष्टी धरा, गोळ्या आणि झोप. तेवढ्या त्यांनी धरल्या.

एक गोष्ट मला अजून सलते. त्या वर्षी त्यांची स्केल दोनवरून तीनला, म्हणजे बँक अधिकाऱ्यांच्या वरच्या श्रेणीत, जायची प्रमोशन प्रोसेस होती. प्रमोशन मिळालं की बदली जवळपास ठरलेली. त्यांनी अर्ज केला नाही. घरात कुणाला काही सोडावं लागलं की ते बहुतेक वेळा बाईच सोडते, हे मी त्यांना आणि मिस्टरांना समोरासमोर बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, ‘मला माहितीये, मॅडम. पण हे मी ठरवून करतेय, आणि एकाच वर्षासाठी.’ मिस्टरांकडून त्यांनी माझ्यासमोर कबूल करून घेतलं की पुढच्या वर्षी अर्ज करणार, आणि बदली झाली तर आईची आणि घराची व्यवस्था ते बघणार. त्या निर्णयावर माझं मत लादणं हे माझं काम नव्हतं.

दहावीचा निकाल लागल्यानंतर त्यांनी वर्तुळ पुन्हा भरलं. तब्येत ६, कुटुंब ६, घर ५, करिअर ६, विरंगुळा २, मित्रमैत्रिणी अजूनही २. करिअरचे दोन गुण कमी झाले होते आणि त्या ते लपवत नव्हत्या. हिमोग्लोबिन ११.४ झालं होतं. पुढच्या प्रमोशन प्रोसेसची तारीख मिस्टरांनीच विचारून ठेवली आहे. पुढच्या भेटीला सासूबाईंनाही घेऊन यायचं ठरलंय, कारण पोळ्यांचा विषय तसाच आहे आणि बदली झाली तर तो आधी सुटायला हवा.