दुचाकीचा पुढचा ब्रेक मारला की गाडी पलटी होते म्हणतात. मग तो वापरायचाच नाही का?

वापरायचा. घाईने थांबायचं असेल तेव्हा तर मुख्य काम तोच करतो. "पुढच्या ब्रेकला हात लावू नकोस, तोंडावर आपटशील" असं सांगणाऱ्यांनी पुढचा ब्रेक मारून पडलेली माणसं खरोखर पाहिलेली असतात. फक्त ती का पडली, हे त्यांनी चुकीचं ताडलेलं असतं.

गाडीला थांबवणारं बल टायर रस्त्याला टेकतो तिथेच तयार होतं, आणि ते किती मिळेल हे त्या टायरवरच्या भारावर ठरतं. गाडी आणि चालक मिळून गुरुत्वमध्य जमिनीपासून 65 सेंटिमीटर वर, दोन चाकांमध्ये 135 सेंटिमीटर अंतर आणि उभ्या गाडीचा भार दोन्ही चाकांवर निम्मा-निम्मा, असं धरू. ब्रेकचं बल जमिनीलगत मागे ओढतं, वस्तुमान मात्र वरून पुढे जायला बघतं. त्यामुळे भार पुढे सरकतो. 0.5 जी ने वेग कमी होत असेल (1 जी म्हणजे दर सेकंदाला ताशी सुमारे 35 किलोमीटरची घट), तर पुढच्या चाकावर 74 टक्के भार येतो. 0.8 जी ला 88 टक्के. मागचं चाक तेव्हा जेमतेम टेकलेलं असतं, त्याला कितीही ब्रेक लावा, ते नुसतं घसटत जाणार.

कोरड्या रस्त्यावर घर्षणाचा गुणांक (टायरवरच्या भाराच्या किती पट पकड मिळते तो आकडा) 0.8 घेतला तर याच गाडीला फक्त मागच्या ब्रेकने 0.29 जी मिळतो, फक्त पुढच्याने 0.65 आणि दोन्हींनी मिळून 0.8. ताशी 60 वरून थांबायला अनुक्रमे 49, 22 आणि 18 मीटर लागतात. दोन्ही ब्रेक मारणारा जिथे पूर्ण थांबला, तिथे फक्त मागचा दाबणारा अजून ताशी 48 ने चाललेला असतो. पुढचा ब्रेक टाळण्याची ही खरी किंमत.

मग माणसं पडतात कशी? कचकन लिव्हर आवळल्यामुळे. भार पुढे यायला, फोर्क (पुढचं चाक धरणाऱ्या, स्प्रिंग असलेल्या दोन नळ्या) दबायला आणि टायर रस्त्यावर पसरायला सेकंदाचा काही अंश जातो. त्याआधीच पूर्ण ब्रेक लागला तर पुढच्या टायरवर भार जवळपास निम्माच असतो आणि ब्रेक मागत असतो 88 टक्क्यांच्या हिशोबाने. चाक जाम होतं. धावती दुचाकी तोल सांभाळते ती पुढचं चाक सतत थोडंथोडं वळवून, म्हणजे जिकडे कललो तिकडे चाक सरकवून. जाम झालेलं चाक वळवलं तरी गाडी वळत नाही, त्यामुळे ती आडवी व्हायला एक सेकंदही पुरतो. मागचं चाक जाम झालं तर गाडी शेपूट हलवते, पण सरळ जात असाल तर बऱ्याचदा सावरता येतं. म्हणूनच मागचा ब्रेक भला माणूस ठरला असावा.

लिव्हर आधी हलकेच ओढून फोर्क दबू द्या, मग पकड वाढवत न्या. सगळं मिळून अर्ध्या सेकंदाचं काम आहे. मोकळ्या, कोरड्या जागी कमी वेगापासून सुरुवात करून हाताला ही सवय लावून घ्या. चाक जाम झाल्याचं जाणवलं तर लगेच सैल सोडा, पुन्हा ओढा.

आता पलटी. वरच्या आकड्यांनी मागचं चाक उचललं जायला 1.04 जी लागतो आणि रस्ता देतोय 0.8. म्हणजे ही गाडी उलटण्याआधी घसरेल. चिकट टायर, उंच बसकण, आखूड लांबी किंवा तीव्र उतार असेल तर मात्र मागचं चाक खरंच उचललं जातं. लांबलचक, बुटक्या क्रूझरला ते जवळपास अशक्य. डबलसीट असताना भार मागे जातो, त्यामुळे मागचा ब्रेक नेहमीपेक्षा बराच उपयोगी पडतो.

वळणावर हिशोब बदलतो, कारण वळायला लागणारी पकडही त्याच टायरमधून येते. 30 अंश कललेल्या गाडीत ब्रेकसाठी अजून 0.55 जी शिल्लक असतो, 38 अंशांवर जेमतेम 0.17. शेवटच्या आठ अंशांत सगळं संपतं, आणि खडी किंवा ओल असेल तर त्याच्या कितीतरी आधी.

एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, दुचाकीवर आलं 1988 साली, बीएमडब्ल्यूच्या के 100 वर. परवडत असेल तर एबीएसचीच गाडी घ्या, यावर मी वाद घालणार नाही. पण साधं एबीएस फक्त चाकांचा वेग बघतं, गाडी किती कलली आहे हे त्याला कळत नाही. कल मोजून ब्रेक सांभाळणारं कॉर्नरिंग एबीएस वेगळं असतं, तेव्हा गाडी घेताना कोणतं आहे ते विचारून घ्या.